दुसरा जामीनदार

आमच्या कचेरीच्या पतपेढीतून कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागत. पहिला मिळायला अडचण पडत नसे. शेजारच्या टेबलावरचा, एका गावचा, नाहीतर ज्याच्या कर्जाला आपण जामीन राहिलो तो, यांतला कुणीतरी सही करायचाच. अडायचं ते दुसऱ्यापाशी. मग लोक जिना उतरून खाली भांडार विभागात जायचे आणि गांगुर्डे भाऊसाहेबांच्या टेबलासमोर उभे राहायचे.

भाऊसाहेब मान वर न करता विचारायचे, "काय आणायचंय?"

"कपाट आणावं म्हणतो. लोखंडी."

"घरी विचारलं?"

"घरासाठीच तर आणतोय, भाऊसाहेब."

"मग रविवारी येतो. चहा ठेवायला सांगा."

यापुढे कितीही गयावया केली तरी ते बोलत नसत. रविवारी सकाळी त्यांची सायकल दारात लागायची. पँटच्या पायाला लावलेला चिमटा काढून खिशात टाकायची, घरात शिरताना खाली वाकायचं (उंची तशी होती), आणि बसायला दिलेली खुर्ची आधी एका हाताने उचलून तिचं वजन बघायचं. भांडारपालाची सवय. मग नवऱ्याशी पाऊसपाण्याचं बोलायचं आणि चहा घेऊन बायको बाहेर आली की तिला विचारायचं, "बाई, तुम्हाला काय पाहिजे?"

मी त्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले ती चौऱ्याहत्तर साली. पंचवटीत आमच्या दोन खोल्या होत्या. वडील नव्हते. आई शेजारणीच्या मशिनवर ब्लाऊज शिवायची आणि निम्मी शिलाई तिला द्यायची. नोकरीत कायम झाल्यावर मला आईसाठी मशिन घ्यायचं होतं. पहिली सही आमच्या हेडक्लार्कांनी केली. दुसऱ्या सहीसाठी मी खाली गेले, आणि रविवारी भाऊसाहेब आमच्याकडे आले. आई आत बसून हाताने टीप घालत होती. भाऊसाहेबांनी तिला एवढंच विचारलं की शेजारणीला वर्षभरात किती शिलाई जाते. आईने अंदाजाने सांगितलं. त्यांनी चहा संपवला, तिथल्या तिथे सही केली आणि म्हणाले, "ही वस्तू आपला हप्ता आपण भरंल. ताई, तुम्ही नुसत्या मधे उभ्या राहा."

ते मूळचे वणीच्या रस्त्यावरल्या एका खेड्यातले. "द्वारका चौकाच्या मागे आमच्या समाजाची वस्ती आहे," असं ते सांगायचे. तिथे रेल्वेतले, नगरपालिकेतले, शाळेतले असे बौद्ध कुटुंबांतले लोक राहत आणि भाऊसाहेबांचं घर त्या वस्तीच्या टोकाला होतं. कचेरीत शुद्ध बोलायचे, पण मनापासून बोलायला लागले की 'लय' आणि 'नाय' यायचंच. कर्जाबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि ती ते जेवणाच्या सुट्टीत, डब्याचं झाकण उघडता उघडता सांगत. "लोक म्हणतात हप्ता पगारातून कापला जातो. पगारातून कुठला? तो बाईच्या डब्यांतून कापला जातो. आधी डाळीचा डबा अर्धा होतो, मग तेलाची बरणी. म्हणून तिला विचारायचं."

कुणी म्हणायचं, "म्हणजे कर्ज काढूच नये?"

"काढावं की. ज्या वस्तूनं घरातलं कष्ट कमी होतंय, नाहीतर चार पैसे येतायत, तिला खुशाल काढावं. वाट बघण्यात आयुष्य जातं. पण जिच्याकडं पाहुणे आल्यावरच बघायचं, ती साठवून आणावी. आणि वस्तूचं आयुष्य हप्त्यांपेक्षा लांब पाहिजे. नाहीतर मेलेल्या म्हशीला चारा घालत बसायचं."

हे सगळं ऐकायला बरं वाटे. पण त्यांची खरी ओळख मला पटली ती खैरनारांच्या वेळी. खैरनार सटाण्याकडचे, आमच्या हिशेब शाखेत. त्यांच्या साडूने सोफासेट घेतला होता, म्हणून यांनाही घ्यायचा होता. रविवारी भाऊसाहेब गेले. खैरनारांची बायको चहा ठेवून आत वळत होती, तेवढ्यात भाऊसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ती बाई भिंतीला टेकली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "माले सोफा काय करना शे, भाऊ? पाणी वाहता वाहता मनी कंबर मोडनी."

त्यांच्या घराला नळ नव्हता. गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक नळावरून ती दोन्ही वेळा पाणी आणायची. भाऊसाहेबांनी नळाच्या जोडणीला आणि पाइपाला काय लागेल ते विचारलं. सोफ्यापेक्षा कमीच लागत होतं. "नळाला करतो सही, सोफ्याला नाय," असं म्हणून ते उठले. खैरनार महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगायचे की हा माणूस लोकांच्या घरात भांडणं लावतो. पण नळ आला. त्यानंतर दर संक्रांतीला खैरनारांच्या डब्यातून भाऊसाहेबांसाठी तिळाच्या वड्या यायला लागल्या, आणि त्या खैरनार स्वतः जिना उतरून देऊन यायचे.

एकदा एका शिपायाला रेडिओ घ्यायचा होता. रेडिओ म्हणजे चैन, असं भाऊसाहेब धरून चालले होते. शिपायाची बायको म्हणाली, "सासरे अंथरुणाला खिळलेत. मी भांडी घासायला चार घरी जाते. दिवसभर त्यांच्याशी बोलायला कुणी नाही." भाऊसाहेब म्हणाले, "हेही कष्टच," आणि सही केली.

भाऊसाहेबांना या पद्धतीचा अभिमान होता. बोलून दाखवत नसत, पण रविवारी कुणाकडे गेले असले की सोमवारी त्यांच्या चालण्यात तो दिसायचा.

त्यांच्या घरी मी जायला लागले ती आईमुळे. शांताबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आईकडे ब्लाऊज टाकायच्या आणि मी ते कचेरीतून परतताना पोचवायचे. शांताबाई बुटक्या, बोलायला तिखट, आणि सदा खोकत. त्यांच्या स्वयंपाकघराला एकच झरोका होता. भाकरी-भाजी भुशाच्या शेगडीवर. मधे बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा दाबून भरायचा, बाटली अलगद काढायची आणि खालून पेटवायचं. भुसा स्वस्त मिळे, पण जरा दमट असला की घरभर धूर. मी गेले की शांताबाई पदराने डोळे पुसत बाहेर यायच्या.

"वहिनी, गॅस का घेत नाही?" मी एकदा विचारलं.

"नंबर लावलाय की. नाशकातल्या सगळ्या बायकांना विचारून झालं ह्यांचं. आता माझा नंबर यायचाय."

भाऊसाहेब बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. ते मोठ्याने हसले. शांताबाईही हसल्या आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबायला बराच वेळ लागला.

त्या काळी गॅसला वर्षानुवर्षं नंबर लागत नसे, त्यामुळे त्यांचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. नंबर आला की अनामत आणि शेगडीसाठी कर्ज काढायचं, हे त्यांनी ठरवलेलं होतं. त्यांच्याच नियमात ते चपखल बसत होतं. तोवर स्वतःसाठी त्यांनी एक पैसा कर्ज काढलं नव्हतं.

दत्तू वाघ आमच्याकडे लागला तो ऐंशीच्या सुमाराला. भाऊसाहेबांच्याच गावचा. हसरा, कामाला चलाख, आल्या दिवसापासून भाऊसाहेबांना 'मामा' म्हणणारा. त्याला खोली भाऊसाहेबांनी बघून दिली, लग्नातही ते मामाच्या जागी उभे राहिले. लग्नानंतर वर्षभरात त्याने मोठं कर्ज मागितलं. फ्रिज, टीव्ही, मिक्सर, पलंग, सगळं एकदम.

"एवढं एकदम कशाला रे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मामा, तुम्हीच या आणि मंगलला विचारा."

ते गेले. मंगल एकोणीस-वीस वर्षांची होती. चहा देताना तिच्या हातातली बशी वाजत होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण तेव्हा त्यांना वाटलं की नवी नवरी आहे, लाजते. तिने खाली बघून, पाठ केल्यासारखं सांगितलं, "मला फ्रिज पाहिजे, मामा. भाजी नासते. आणि दिवसभर एकटीला करमत नाय, म्हणून टीव्ही." भाऊसाहेबांना रेडिओचा म्हातारा आठवला असावा. त्यांनी सही केली.

फ्रिज आला नाही. टीव्हीही आला नाही. दत्तूने ते पैसे एका मित्राबरोबर ट्रकच्या भागीदारीत घातले होते. ट्रक घाटात उलटला आणि मित्र बाजूला झाला. दत्तू आधी रजेवर गेला, मग येईनासा झाला, मग कुणी म्हणालं सुरतेकडे दिसला. बायकोला त्याने माहेरी सोडलं होतं. पहिला जामीनदार मधल्या काळात वारला होता. पतपेढीचा नियम स्पष्ट होता. थकलेला हप्ता भाऊसाहेबांच्या पगारातून कापायला सुरुवात झाली.

आणि त्याच महिन्यात गॅसवाल्यांकडून शांताबाईंच्या नावाचं बोलावणं आलं.

भाऊसाहेबांनी पतपेढीत अर्ज केला. सेक्रेटरी त्यांच्या वयाचाच, भला माणूस. तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या पगारातून आता जेवढी कपात चाललीय त्याच्यावर नवीन कर्ज बसत नाही. मी काय करू, सांगा." वरच्या मजल्यावर हे कळलं तेव्हा खैरनारांनी पुढाकार घेऊन वर्गणी काढायचं ठरवलं. ज्यांना ज्यांना भाऊसाहेब जामीन राहिले होते ते सगळे द्यायला तयार होते. मीही. खैरनार आणि मी खाली गेलो. भाऊसाहेब पावत्या लावत होते. आमचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सही केली तेव्हा शोभेला केली नव्हती. जामीन म्हणजे भरावं लागणार, हे मी तुम्हाला सगळ्यांना सांगत आलोय. आता माझ्यावर आलं तर वर्गणी गोळा करू का?"

"तुमच्यासाठी नाही, वहिनींसाठी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पावत्या पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतल्या.

नंबर गेला. पुन्हा लावावा लागला.

शांताबाई मला नंतर म्हणाल्या, "मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर दोघांनाही बरं वाटलं असतं." पण गप्प बसून राहणं त्यांना जमणारं नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी ठरवलं की वणीला जायचं, दत्तूच्या सासरच्यांना गाठायचं आणि निदान काही दागिना असेल तर तो मागायचा. मला म्हणाल्या, "सुलभा, तू चल. हे तिथं गप्प बसतील आणि मी भांडेन. मधे कुणीतरी पाहिजे."

आम्ही तिघं एसटीने गेलो. वणीच्या अलीकडे उतरून थोडं चालायचं होतं. चढ आला की शांताबाई थांबायच्या आणि लांब दिसणाऱ्या गडाकडे बघत असल्यासारखं करायच्या. भाऊसाहेब पुढे जाऊन परत मागे यायचे.

मंगल अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. शेजारी गोधडीवर चार-पाच महिन्यांचं मूल. आम्हाला बघून ती उभी राहिली. तिची आई पाणी घेऊन आली आणि बाजूला सरकली. गळ्यात काळी पोत सोडली तर मंगलच्या अंगावर काही नव्हतं. शांताबाईंनी ते बघितलं, तरी त्या म्हणाल्या, "ह्यांच्या पगारातून तुझ्या फ्रिजचे पैसे कापतायत. तुला पाहिजे होता ना फ्रिज?"

मंगल रडली नाही. शेंगांचं सूप तिने पायाने बाजूला केलं आणि भाऊसाहेबांकडे बघून म्हणाली, "मामा, फ्रिज कसा असतो तेबी मला माहीत नाय. त्यांनी दोन दिवस माझ्याकडून बोलून घेतलं. असं म्हणायचं, तसं म्हणायचं. तुम्ही इचारलं खरं. पण ते उंबऱ्यातच उभे व्हते ना."

भाऊसाहेब ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "तुला तेव्हा काय पाहिजे होतं?"

"मला? मला तेव्हा दवाखान्यात जायचं व्हतं. दिवस राहिले व्हते आणि रोज चक्कर यायची. ते म्हनले, आधी कर्जाचं होऊ दे."

शांताबाईंनी दागिन्याचा विषय काढला नाही. त्यांनी खाली बसून सूप पुढे ओढलं आणि शेंगा फोडायला लागल्या. मीही बसले. मूल उठलं तेव्हा ते भाऊसाहेबांनी घेतलं. निघताना शांताबाईंनी आपल्या पिशवीतून आणलेल्या भाकऱ्या तिच्या आईच्या हातात दिल्या. तिथे कुणी आम्हाला जेवायला विचारणार नाही, या हिशेबाने त्या आणल्या होत्या.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. भाऊसाहेब खिडकीशी, शांताबाई मधे, मी कडेला. गाडी चालू झाल्यावर भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, "खैरनारची बायको बोलली. खैरनार समोर असतानाबी बोलली. पण ती तशी हाय. बाकीच्यांचं काय?"

ते बोटांवर मोजायला लागले.

"ते कपाटवाले पवार. त्यांची बायको म्हणाली, हो, कपाट पाहिजे. मग हप्त्यांची दोन्ही वर्षं पोरं दिवाळीला जुन्याच कपड्यात. मला वाटलं तिचीच हौस." त्यांनी अजून दोन-तीन नावं घेतली. मला त्यातलं एक घर माहीत होतं. बाकीची नव्हती.

शांताबाई म्हणाल्या, "मला विचारलं असतंत तर मी तेव्हाच सांगितलं असतं. नवरा उंबऱ्यात उभा असताना बाई काय बोलणार? आणि तुम्ही कोण? परका पुरुष, नवऱ्याचा साहेब. ती बघते नवऱ्याकडे, आणि त्याच्या तोंडावर जे असेल ते बोलते."

"तू का नाय बोललीस मग इतकी वर्षं?"

"तुम्ही इतके खूश असायचा रविवारी."

दिंडोरी येईपर्यंत भाऊसाहेब बाहेर बघत होते. मग त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली, कारण धूळ शांताबाईंच्या तोंडावर येत होती.

त्यानंतर त्यांनी सही करणं बंद केलं. लोक जिना उतरून जायचे आणि ते सांगायचे, "माझी पत संपली. दुसरा बघा." काहींना वाटायचं, दत्तू वाघाने फसवलं म्हणून माणूस कडवट झाला. तसं नव्हतं. एकदा मी टंकलेले कागद द्यायला खाली गेले होते तेव्हा ते आपणहून म्हणाले, "ताई, दत्तूनं पैशाला फसवलं, ते कळतं. पण मी बायकांना विचारतो म्हणून लोकांना सांगत फिरलो. मी विचारतच नव्हतो. मी चहा पीत होतो."

ती कपात चारेक वर्षं चालली. मधल्या काळात शांताबाईंचं दुखणं वाढलं. सिव्हिलमध्ये दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं. धुरापासून लांब म्हणजे स्वयंपाकापासून लांब, आणि घरात दुसरी बाई नव्हती; मुलगी लग्न होऊन मनमाडला, मुलगा शिकत होता. मग भाऊसाहेबांनी शेगडी अंगणात काढली. एका सकाळी मी ब्लाऊज द्यायला गेले तर ते अंगणात उकिडवे बसून भुसा भरत होते. एवढा उंच माणूस, गुडघे कानाशी आलेले. भाकरी त्यांना जमली नव्हती, ती कडेने फाटायची. पण थापायला बसायचे. वस्तीतली माणसं येता-जाता बघायची. पहिल्या पहिल्यांदा कुणी हसलं असेल, पुढे पुढे कुणी हसत नसे. शांताबाई दारात पाटावर बसून सांगायच्या, "पाणी कमी झालं," आणि ते पाणी घालायचे.

पावसात शेगडी पुन्हा आत न्यावी लागायची.

दत्तूचं कर्ज फिटलं आणि गॅसचा नंबरही पुन्हा लागला, तेव्हा भाऊसाहेबांच्या निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. मुलाचं लग्न ठरत होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने अर्ज भरला आणि जामिनासाठी जिना चढून वर आले. खैरनारांनी अर्ज ओढूनच घेतला आणि सही केली. दुसऱ्या सहीसाठी भाऊसाहेब माझ्या टेबलाशी आले. मी पेन उघडलं.

"थांबा," ते म्हणाले. "आधी घरी जा. तिला विचारा."

"भाऊसाहेब, त्यात विचारायचं काय?"

"तरी विचारा. मी घरात नसंन. रविवारी दुपारी मी बाहेर जातो, तेव्हा जा."

मी गेले. शांताबाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की त्यांना दम लागायचा. मी सांगितलं की सहीच्या आधी तुम्हाला विचारायला पाठवलंय. त्या काही वेळ पदराचा काठ बोटांवर गुंडाळत राहिल्या.

"गॅस पाहिजे," त्या म्हणाल्या. "चार वर्षांपूर्वी जास्त पाहिजे होता. आता सुनेला होईल. पण त्यांना वाटत असेल की गॅस आला की सगळं फिटलं, तर तसं नाही. हे सांगू नकोस त्यांना."

"नाही सांगत."

"आणि म्हणावं, शेगडी दोन चुलींची घ्या. एका चुलीची स्वस्तातली आणतील."

मी सोमवारी सही केली. भाऊसाहेबांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"दोन चुलींची आणा म्हणाल्या."

"अजून?"

"एवढंच."

त्यांनी मान हलवली. मला वाटतं, उरलेलं त्यांना ठाऊक होतं.

गॅस आला. सून आली आणि घरातला धूर गेला. शांताबाईंचा खोकला गेला नाही, पण त्या जरा हिंडू-फिरू लागल्या. मग मला खैरनारांकडून कळलं की भाऊसाहेबांनी पुन्हा जामीन राहायला सुरुवात केली आहे. मात्र आता ते एकटे जात नाहीत, शांताबाईंना बरोबर नेतात. पहिली सही मंगलसाठी होती. आमच्या पतपेढीत नाही, तिच्या गावच्या सोसायटीत. तिला पिठाच्या गिरणीत भागी घ्यायची होती. शांताबाई तिच्याशी आत दार लोटून बोलल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "करा." सोसायटीने परगावचा जामीनदार घ्यायला आढेवेढे घेतले, तेव्हा भाऊसाहेब दोनदा वणीला जाऊन आले. मंगल आजही त्या गिरणीवर बसते.

माझी जळगावला बदली झाली. जायच्या आधीचा रविवार होता. नाशिकरोडला आमच्या कचेरीतल्या एका नव्या कारकुनाचं घर होतं, त्याच्याकडे माझं एक पुस्तक राहिलं होतं, ते आणायला गेले. उन्हाळ्याची सकाळ, दहाच्या पुढची. त्याच्या घरापुढच्या पायरीवर भाऊसाहेब बसलेले. शेजारी तो कारकून अवघडून उभा, आपल्याच घराबाहेर. दार आतून लावलेलं.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"आत बोलतायत," भाऊसाहेब म्हणाले.

"काय बोलतायत?"

"ते आपल्याला सांगत नाहीत. बाहेर आली की 'करा' म्हणते, नाहीतर 'नको' म्हणते. मग मी तसं करतो."

कारकून म्हणाला, "मॅडम, नुसता कूलर घ्यायचाय हो." भाऊसाहेबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पायरीवर ऊन सरकत होतं. ते थोडे बाजूला झाले आणि सावलीतली अर्धी पायरी मोकळी सोडून बसले. आतून बांगड्यांचा आवाज आला, एकदा दोघींचं हसणं, मग बराच वेळ काहीच नाही. कारकून दाराकडे दोन पावलं गेला. भाऊसाहेबांनी हात आडवा धरला, तसा तो परत आला.

दार उघडलं. शांताबाई बाहेर आल्या. दोन पायऱ्या उतरल्या, तेवढ्याने त्यांना धाप लागली. भाऊसाहेबांनी सावलीतली जागा दाखवली आणि त्या त्यांच्याशेजारी बसल्या, छातीवर हात ठेवून. कारकून पुढे वाकला होता. मीही थांबले होते.

भाऊसाहेबांनी काही विचारलं नाही. ते समोर रस्त्याकडे बघत, तिचा श्वास जागेवर यायची वाट बघत बसून राहिले.